तक्त्यावरचे तास आणि बेंचवरची खुर्ची

पत्राचा सारांश: पत्रलेखक २९ वर्षांचे असून मूळचे नागपूरचे आहेत. शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले, आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचले आणि पाच वर्षांपूर्वी क्रीडा व्यवस्थापन शिकायला अमेरिकेला गेले. सध्या ते तिथल्या एका लहान, पण डिव्हिजन वनमध्ये खेळणाऱ्या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघात व्हिडिओ कोऑर्डिनेटर आहेत. सराव आणि सामने चित्रित करून त्यांचे तुकडे कोचपुढे ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. त्याच्या जोडीला खेळाडूंच्या सरावाच्या तासांचा साप्ताहिक तक्ताही तेच भरतात. नियमाने आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्ष सराव २५-२६ तासांवर जातो, तरी हेड कोचच्या सांगण्यावरून ते दोन सीझन १९ किंवा २० तासच लिहीत आले आहेत. गेल्या महिन्यात बसमध्ये फोनवर सही करण्याआधी पहिल्या वर्षाच्या एका खेळाडूने विचारले, “कोच, मंगळवारी आपण साडेसहाला सुटलो ना? इथे पाच लिहिलंय.” त्यांनी उत्तर दिले, “तेवढं चालतं, सही कर.” तेव्हापासून त्यांना स्वस्थता नाही. आता हेड कोच एका मोठ्या विद्यापीठात चालले आहेत आणि यांना असिस्टंट कोच म्हणून सोबत नेऊ इच्छितात. व्हिसाची सोयही त्यातच होणार आहे. याच कोचने दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्वतःच्या पैशाने विमानाचे तिकीट काढून दिले होते. वडील म्हणतात, “ज्याने हात धरून वर आणलं त्याच्याविरुद्ध जाऊ नये.” पत्रलेखक विचारतात: “आधी पद मिळवावे, आणि हातात अधिकार आला की माझ्या संघात सगळे नियमाने करावे, हा विचार चुकीचा आहे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात कोचविषयी, वडिलांविषयी आणि व्हिसाविषयी बरेच काही आहे. तरी मी पुन्हा पुन्हा एकाच वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिले आहे की तक्ता भरताना सरावाची फिल्म शेजारच्या स्क्रीनवर चालूच असते, तिच्या कोपऱ्यातले घड्याळ सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे दाखवत असते आणि तुमची बोटे ‘पाच’ टाइप करत असतात. दोन्ही कामे एकाच माणसाकडे आणि एकाच टेबलावर आली आहेत. संघातल्या इतर कुणालाही खरे तास अंदाजाने सांगावे लागतील. तुम्हाला ते मिनिटासकट ठाऊक आहेत. या प्रकरणात तुमची अडचण त्यामुळे इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तुमच्या शब्दाला वजनही त्याचमुळे जास्त आहे.

ज्या वाचकांना अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची रीत परिचयाची नाही, त्यांच्यासाठी हा नियम थोडक्यात सांगते. तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते आणि तिच्या सर्वांत वरच्या स्तरावर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुष बास्केटबॉलचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. खेळाडू हा आधी विद्यार्थी असतो या भूमिकेतून १९९१ पासून असा नियम आहे की सीझनमध्ये त्याच्याकडून दिवसाला जास्तीत जास्त ४ आणि आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव घ्यावा, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा. सक्तीने दाखवलेली फिल्म आणि सक्तीचा व्यायाम या २० तासांत धरला जातो. प्रवास, उपचार, अभ्यासिका हे धरले जात नाही. त्यामुळे कागदावरचे २० तास खरे असले तरी खेळाडूचा आठवडा ३० तासांच्या पुढे सहज जातो, हे एनसीएएने खेळाडूंच्याच केलेल्या पाहण्यांतून दिसलेले आहे. तुम्ही लपवता ते पाच-सहा तास या सगळ्याच्या वरचे आहेत. ते कुठून येतात, तर त्या मुलाच्या झोपेतून आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॅबमधून येतात.

तुमच्या पत्रात एक युक्तिवाद आहे जो मला सहज बाजूला सारता येत नाही, म्हणून आधी त्याकडे वळते. तुम्ही म्हणता की आता ‘विद्यार्थी खेळाडू’ ही कल्पनाच जुनी झाली आहे. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावू लागले, जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच त्यांना पैसे देऊ लागली, आणि २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी त्या पैशांची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. पैसे घेणाऱ्याला तास मोजून का वागवायचे? शिवाय नियम कायमचे नसतात. बास्केटबॉल कोच केल्विन सॅम्पसन यांचे उदाहरण तुमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. ओक्लाहोमात आणि नंतर इंडियानात असताना भावी खेळाडूंना मर्यादेपलीकडे फोन केल्याबद्दल त्यांना २००८ मध्ये इंडियाना सोडावे लागले, पाच वर्षांची ‘शो-कॉज’ शिक्षा झाली, म्हणजे त्या काळात दुसऱ्या विद्यापीठात काम मिळणे जवळजवळ अशक्य झाले. आणि पुढे काही वर्षांतच फोनवरची ती मर्यादा एनसीएएने बव्हंशी उठवली. सॅम्पसन २०१४ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे कोच म्हणून कॉलेज खेळात परतले आणि २०२५ मध्ये त्यांचा संघ अंतिम सामन्यात खेळला.

तेव्हा नियम मोडणारा प्रत्येक जण दुर्जन असतो असे मी म्हणणार नाही. पण फोन जास्त करणे आणि खोटा तक्ता भरून त्यावर दुसऱ्याची सही घेणे या दोन गोष्टींत मला मोठे अंतर दिसते. २० तासांचा नियम कालबाह्य आहे असे तुमच्या कोचला वाटत असेल, तर प्रशिक्षकांच्या संघटना आहेत, परिषदा आहेत, तिथे ते उघड बोलू शकतात. तुमच्या संघातल्या पोरांपैकी किती जणांना मोठा पैसा मिळतो, हेही पाहा. लहान विद्यापीठात तो दोघा-तिघांपलीकडे सहसा जात नाही आणि बाकीचे पदवीच्याच भरवशावर असतात. आणि तो तक्ता हा खेळाडूच्या हाती असलेला एकमेव कागद आहे, जिथे त्याला काही म्हणण्याची जागा आहे. त्याने ती जागा वापरायचा प्रयत्न केला, अगदी साध्या प्रश्नाच्या रूपात, आणि तुम्ही ती बंद केलीत. हे लिहिताना मला कठोर व्हायचे नाही. तुम्हालाही ते तसेच वाटले असावे, एरवी तुम्ही पत्रच लिहिले नसते.

आता उपकारांविषयी. तुमच्या वडिलांचे म्हणणे मी हलके मानत नाही. परक्या देशात, मध्यरात्री घरून फोन आलेला असताना ज्याने तिकीट हातात ठेवले, त्याचे ऋण आपल्याकडे पिढीभर सांगितले जाते आणि सांगितले जावे. पण ऋण ज्याचे आहे त्याने ते स्वतःजवळचे काहीतरी देऊन फेडायचे असते. एकलव्याची गुरुदक्षिणा अन्यायाची होती असे मला नेहमी वाटत आले आहे, तरी त्याने निदान स्वतःचा अंगठा दिला होता. तुम्ही दर रविवारी देता तो अंगठा त्या अठरा वर्षांच्या मुलाचा आहे, त्याने तुमच्या कोचकडून कसलेही तिकीट घेतलेले नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू तुमच्या नजरेतून सुटली आहे असे वाटते. जानेवारी २०२३ पासून एनसीएएने असे ठरवले आहे की संघातल्या कुणाच्याही हातून नियम मोडला गेला तर हेड कोच आपोआप जबाबदार धरला जाईल; ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव आता चालत नाही. म्हणजे तुम्ही भरलेला प्रत्येक खोटा तक्ता हा तुमच्या कोचच्याच उशाशी ठेवलेला निखारा आहे. त्यांना आज ते सोयीचे वाटते, कारण कुणी विचारलेले नाही. ज्याच्याविषयी तुम्हाला इतकी आपुलकी आहे त्याला हे स्पष्ट सांगणारा माणूस त्या कार्यालयात दुसरा कोण आहे?

आणि विचारले जाते तेव्हा खालचा माणूस कसा उघडा पडतो, हेही तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. तासांच्याच नियमावरून मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची चौकशी २००९ मध्ये सुरू झाली. खेळाडूंनी एका वृत्तपत्राला सराव किती वेळ चालतो ते सांगितले, पुढे तासांचे तक्ते वेळेवर जमा झालेले नव्हते हेही बाहेर आले. संघावर तीन वर्षांची देखरेख आली आणि सरावाचे १३० तास कापले गेले. चौकशीत दिशाभूल करणारी उत्तरे दिल्याबद्दल नोकरी गेली ती एका ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे तुम्ही तीन वर्षांपूर्वी ज्या पायरीवर होता त्या पायरीवरच्या मुलाची. सदर्न मिसिसिपी विद्यापीठात बास्केटबॉलचे हेड कोच डॉनी टिंडल यांच्या काळात भावी खेळाडूंचा अभ्यास संघाच्या कर्मचाऱ्यांनी करून दिला. २०१६ मध्ये टिंडल यांना दहा वर्षांचा शो-कॉज झाला आणि ज्यांनी आदेश पाळले त्यांनाही कित्येक वर्षांचे झाले. शो-कॉज म्हणजे त्या मुदतीत तुम्हाला घेऊ पाहणाऱ्या विद्यापीठाने ‘या माणसाला का घेता’ हे एनसीएएला पटवून द्यायचे. व्यवहारात दार बंदच होते. सप्टेंबर २०१७ मध्ये फेडरल तपास यंत्रणेने लाचखोरीच्या प्रकरणात दहा जणांना अटक केली, त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांचे एकेक असिस्टंट कोच होते. चौघांनीही गुन्हा कबूल केला, दोघे तीन-तीन महिने तुरुंगात गेले. त्या चारही संघांच्या हेड कोचपैकी एकावरही फौजदारी आरोप झाला नाही.

तुमचे प्रकरण लाचखोरीचे नाही आणि तुम्हाला भेवडवण्यासाठी मी हे सांगत नाही. ‘कोच माझ्या पाठीशी आहेत’ असे जे तुम्ही तीनदा लिहिले आहे, त्याला कागदावर काही आधार नाही एवढेच मला सांगायचे आहे. कागदावर लॉग-इन तुमचे आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते: आधी पद, मग शुद्ध कारभार.

ब्रूस पर्ल यांची गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. १९८९ मध्ये ते आयोवा विद्यापीठात असिस्टंट कोच होते. एका खेळाडूला इलिनॉय विद्यापीठाने पैसे देऊ केल्याचा त्यांना संशय आला, त्यांनी त्याच्याशी झालेले फोनवरचे बोलणे त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केले आणि ते एनसीएएकडे दिले. मुख्य आरोप सिद्ध झाला नाही, इतर गोष्टींसाठी इलिनॉयला शिक्षा झाली, आणि पर्ल मात्र आपल्याच व्यवसायात वाळीत पडले. १९९२ मध्ये ते डिव्हिजन टूमधल्या एका विद्यापीठात गेले, तिथे १९९५ चे विजेतेपद मिळवले, आणि वरच्या स्तरावरचा मोठा संघ हाती यायला २००५ उजाडले. इथवर ही नियमासाठी किंमत मोजलेल्या माणसाची गोष्ट आहे. पुढे टेनेसीत असताना त्यांनी नियमात न बसणाऱ्या वेळी काही भावी खेळाडूंना घरी जेवायला बोलावले. चूक किरकोळ होती. चौकशी करणाऱ्यांनी त्या दिवशीचे छायाचित्र पुढे ठेवले तेव्हा त्यांनी हे घर कुणाचे ते ओळखत नसल्याचे सांगितले. घर त्यांचे स्वतःचे होते. २०११ मध्ये नोकरी गेली, तीन वर्षांचा शो-कॉज झाला, त्यांच्या असिस्टंटनाही शिक्षा झाली आणि त्यांतल्या एकाला ज्युनियर कॉलेजातून पुन्हा सुरुवात करावी लागली.

एकाच माणसाने आयुष्याच्या दोन टोकांना या दोन गोष्टी केल्या. असिस्टंट असताना गमावण्यासारखे थोडे होते. हेड कोच झाल्यावर मोठा पगार, स्वतःच्या भरवशावर असलेली माणसे, लोकांच्या अपेक्षा हे सगळे पाठीवर होते. पद वाढते तसे खरे बोलण्याची किंमतही वाढत जाते. तुमचा हिशेब नेमका याच्या उलट मांडलेला आहे. तुम्हाला वाटते की वर गेल्यावर खरे वागणे स्वस्त होईल. आज तुमच्यापाशी एक पलंग, एक लॅपटॉप आणि भाड्याची खोली आहे. उद्या घराचे हप्ते असतील, कदाचित मुलाची शाळा असेल, तुमच्या हाताखाली नागपूरहून किंवा आणखी कुठून आलेला एखादा पोरगा व्हिडिओ कापत बसलेला असेल, आणि त्याला ‘वीसच लिही’ असे सांगण्याची पाळी तुमच्यावर आलेली असेल.

दुसरे असे की कोच तुम्हाला का नेत आहेत, हे आज तुम्हालाच ठामपणे सांगता येणार नाही. तुमची नजर चांगली आहे, झोन बचावात डाव्या कोपऱ्यातली फट कशी उघडते हे तुम्ही पत्रात ज्या बारकाईने लिहिले आहे त्यावरून मला ते कळते. पण ही खुर्ची त्या नजरेसाठी मिळते आहे की दोन सीझन गप्प राहिल्याबद्दल, हा प्रश्न तुमच्या मनात आहे आणि बेंचवर पहिल्या दिवशी बसाल तेव्हाही तो असेल. तो सोडवण्याचा मार्ग एकच आहे: निघण्यापूर्वी खरे लिहायला सुरुवात करायची आणि कोच तरीही नेतात का ते पाहायचे.

मी स्वतः एका महाविद्यालयात शिकवत असताना विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून खेळाडू विद्यार्थ्यांची हजेरी भरत असे. वर्गात न आलेल्या मुलांपुढे हिरव्या शाईने ‘पी’ लिहायचा. ते प्रेमळ होते, त्यांनी मला कायम करून घेण्यासाठी पुष्कळ धडपड केली होती, आणि खेळाडूंचे भले होते अशी माझी समजूत होती. त्यांतला एक मुलगा शेवटच्या वर्षी नापास झाला तेव्हा त्याची आई मला भेटायला आली. तिच्या हातात माझाच हजेरीपट होता, पंच्याऐंशी टक्क्यांचा. “एवढा वर्गात बसूनही याला काही कसं आलं नाही, मॅडम?” असे ती विचारत होती. मी त्या बाईंना खरे सांगितले नाही. याला आता बावीस वर्षे झाली.

तर पुढे काय करायचे? क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने सांगते. तुमच्यासारख्याच पेचात असलेले इतर वाचक, मग ते ड्यूटीचे तास लिहिणारे निवासी डॉक्टर असोत, मोजमाप पुस्तकावर सही करणारे कनिष्ठ अभियंते असोत, की खेळाडूचा वयाचा दाखला पुढे पाठवणारे क्रीडाशिक्षक, त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

सर्वांत आधी, जुन्या कशालाही हात लावू नका. जुने तक्ते दुरुस्त करू नका आणि सरावाची एकही फिल्म पुसू नका. भीतीपोटी माणूस पहिल्यांदा हेच करतो, आणि मूळ चुकीपेक्षा ते जास्त महागात पडते.

त्यानंतर, कोचशी बोलण्यापूर्वी, एखाद्या स्वतंत्र वकिलाचा एक तास विकत घ्या. विद्यापीठाचे वकील विद्यापीठाची बाजू पाहतात, तुमची नाही. दोन सीझनचे खोटे तक्ते तुमच्याच लॉग-इनवरून भरले गेले आहेत, तेव्हा मागचे कसे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे याचा सल्ला तुम्हाला हवा. इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात भेटा. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते, हे तुम्हाला ठाऊक असेलच; पण त्या ६० दिवसांत तुमच्या बाबतीत काय काय शक्य आहे हे आजच कागदावर मांडून घेतलेत, तर कोचच्या दालनात जाताना पाय कमी लटपटतील. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवे कर्ज घेऊ नका.

मग कोचना एकटे गाठा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नको आणि इतर कुणी असताना तर मुळीच नको. आरोपाने सुरुवात करू नका. “कोच, इथून पुढे मी तक्त्यावर फिल्ममधली वेळच लिहिणार आहे. तुम्ही आणि मी दोघेही यात अडकू नये म्हणून २० तासांत बसणारा आठवडा मी आखून आणला आहे,” एवढेच म्हणा आणि तो कागद पुढे ठेवा. हा कागद तुमच्याइतका चांगला कुणी करू शकणार नाही. नियमाप्रमाणे सामन्याचा दिवस, त्यात कितीही वेळ गेला तरी, ३ तासांचाच धरतात. आठवड्यात दोन सामने असले की त्यांचे ६ तास झाले, एक दिवस मोकळा गेला, उरलेल्या चार दिवसांसाठी १४ तास हातात राहतात, म्हणजे दिवसाला साडेतीन तास. मंगळवारी पन्नास मिनिटे चालणारी फिल्म सामन्याच्या सकाळी नेली तर ती त्या ३ तासांतच बसते. तुमच्या पत्रावरूनच मला दिसते की दर सरावात चाळीसेक मिनिटे नुसती मांडामांड आणि उभे राहून ऐकणे यात जातात. ती कुठे जातात हे फिल्म दाखवील. ‘ऐच्छिक’ सरावाच्या आडोशाने मात्र तास लपवू नका. खेळाडूने आपणहून मागितलेला, कोचला कळवला न जाणारा आणि न आल्यास काही न बिघडणारा सरावच ऐच्छिक ठरतो.

माझा अनुभव असा आहे की अशा वेळी बरीच माणसे, जितकी भीती वाटते तितकी, वाईट निघत नाहीत. कोच चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, आणि कदाचित तिसऱ्या दिवशी तो कागद मागतील. तसे झाले तर मागच्या दोन सीझनचे काय करायचे हेही दोघांनी मिळून कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला, सांगा. विद्यापीठे दरवर्षी आपल्या लहान-मोठ्या चुका स्वतःहून एनसीएएला कळवत असतात, आणि आपणहून सांगितलेल्या चुकीकडे पकडल्या गेलेल्या चुकीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहिले जाते. मग त्यांच्यासोबत आनंदाने जा. मी तुमच्या वडिलांइतकीच खूश होईन.

कोच म्हणाले की ‘जमत नसेल तर दुसऱ्याला देतो’, तर काम दुसऱ्याकडे देऊन मोकळे होण्याचा मोह टाळा. ते काम मग पंचवीस वर्षांच्या नव्या मुलाकडे जाईल. अशा वेळी तुम्ही एकट्याने कंप्लायन्स ऑफिसकडे जायला हवे, वकिलाने सांगितलेल्या रीतीने आणि लेखी. त्या ऑफिसवर भरवसा नसेल तर खेळ आणि शिक्षण यांच्यातला दुवा म्हणून प्रत्येक विद्यापीठात एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांना भेटा.

चोरून ध्वनिमुद्रण करण्याचा विचार तुम्ही एका वाक्यात बोलून दाखवला आहे. तो सोडून द्या. अमेरिकेतल्या काही राज्यांत सर्वांच्या संमतीशिवाय संभाषण मुद्रित करणे हा गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे फिल्म असताना त्याची गरजही नाही. २००३ मध्ये बेलर विद्यापीठात एबार राऊस या तरुण असिस्टंट कोचने ते केले होते, पण तिथली परिस्थिती टोकाची होती. पॅट्रिक डेनेही या खेळाडूचा खून झाला होता आणि हेड कोच डेव्ह ब्लिस, आपण नियमबाह्य रीतीने भरलेली फी लपवण्यासाठी, तो मृत मुलगा अमली पदार्थ विकत असे, असे इतरांना सांगायला लावत होते. मेलेल्या मुलाची बाजू मांडणारे कुणी उरले नव्हते. राऊस यांच्या ध्वनिफितीमुळे खरे बाहेर आले आणि ब्लिस यांना दहा वर्षांचा शो-कॉज झाला. राऊस यांना मात्र पुन्हा त्या स्तरावर कोचिंग मिळाले नाही; क्षेत्रातल्या काही नामवंतांनी उघडपणे त्यांनाच विश्वासघातकी ठरवले. २०१५ मध्ये ब्लिस पुन्हा एका लहान विद्यापीठाचे कोच झाले.

हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण खरे वागल्याने पद मिळतेच असे तुम्हाला सांगणे हेही एक प्रकारे खोटा तक्ता भरण्यासारखे होईल. या क्षेत्रात जिंकणाऱ्याला पुष्कळ माफ होते आणि खालच्याला थोडे. कदाचित ही खुर्ची जाईल. पण व्हिडिओच्या खोलीतून पुढे जाणारी वाट एकाच माणसाच्या हातात असते हे मला मान्य नाही. एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मायामी हीट संघाच्या व्हिडिओ खोलीत लागले आणि २००८ मध्ये त्याच संघाचे हेड कोच झाले. डिव्हिजन टू आणि थ्री आहेत, ज्युनियर कॉलेजे आहेत, एनबीएच्या खालच्या जी लीगचे संघ आहेत. तुम्ही कापलेल्या फिल्म तिथे पाठवायला आजपासूनच सुरुवात करा, कोचचे उत्तर काहीही येवो. एकाच माणसाच्या शिफारशीवर सगळे आयुष्य टेकलेले असले की त्याला ‘नाही’ म्हणणे जवळजवळ अशक्य होते. तुमच्या या पेचाचे अर्धे मूळ मला तिथेच दिसते.

वडिलांना सारे सांगा, फोनवर नको, व्हिडिओ कॉलवर समोर बसून सांगा. ते कोचची बाजू घेतात, कारण त्यांना तिकीट माहीत आहे; तक्ता माहीत नाही. त्या मुलाचा प्रश्न त्यांना त्याच्याच शब्दांत ऐकवा आणि मग त्यांचे मत विचारा.

आणि त्या मुलाशी बोलायला कोचचे, वकिलाचे किंवा कुणाचेच उत्तर येण्याची वाट पाहू नका. मागच्या तक्त्यांविषयी त्याच्याशी काही चर्चा करायची नाही, ते वकिलावर सोडा. “त्या दिवशी तुझं बरोबर होतं, मी सही करायला सांगायला नको होतं,” एवढे मात्र सांगा. येत्या रविवारी तक्ता भरायला बसाल तेव्हा फिल्म शेजारी चालू असेलच. सहा अठ्ठावीस असतील तर सहा अठ्ठावीस लिहा, आणि बसमध्ये फोन पुढे केल्यावर त्याला घाई करू नका. त्याला सातही दिवसांची बेरीज स्वतः करू द्या.